मैनाच्या भेदऱ्याचं बी

तार आली तेव्हा मी जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर होतो. मार्गशीर्ष महिना होता आणि दर्यापूरच्या आमच्या जिनाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. पोस्टाचा शिपाई फाटकातून आत आला, गाड्यांना वळसा घालून सरळ माझ्याकडे येऊ लागला. माझ्याबरोबर वीस वर्षं काट्यावर काम केलेले नत्थुजी शेजारीच उभे होते. शिपाई पोचायच्या आधीच त्यांनी माझ्या हातातलं वजन काढून घेतलं.

"तू जाय," ते म्हणाले. "काटा मी पायतो."

तार इंग्रजीत होती. माझी मराठी चौथी झालेली. पोस्टमास्तरांनी ती एकदा वाचली, पुन्हा वाचली आणि चष्मा काढला.

"गोवर्धन, तुमची मंडळी अकोल्याला वारली. लगेच बोलावलंय."

मी विचारलं, "शकुन का तिची माय?"

शकुन ही आमची एकुलती मुलगी. अकोल्याला जठारपेठेत दिलेली. बाळंतपण तिचं होतं, म्हणून सगळी भीती मी तिच्याच नावानं धरून ठेवली होती. पोस्टमास्तर म्हणाले, "पत्नी असंच लिहिलंय." गेली ती शकुन नव्हे हे कळल्यावर माझा श्वास सुटला. हे मी लपवत नाही. मग दुसरी गोष्ट कळली.

मैना धडधाकट होती. शकुनची सासू नाही, हे तिचं दुसरं बाळंतपण, करायला घरात बाईमाणूस नाही, म्हणून मैना दहा-बारा दिवसांपूर्वी तिकडे गेली होती. जिनाचा हंगाम सोडून मला जाता आलं नाही. तिकडे तिला ताप आला आणि चौथ्या दिवशी ती गेली.

मी लहान गाडीनं मूर्तिजापूरला गेलो. तिथं मोठी गाडी चुकली. अकोल्याला पोचलो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. जावई खुशालराव दारात उभे होते, डोक्यावरून पाणी घेतलेले. घरात दहा दिवसांचं मूल, बाळंतीण, म्हणून त्यांनी आदल्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत वाट पाहिली आणि मग दहन उरकलं. थंडीचे दिवस होते, आणखी थोडं थांबता आलं असतं असं मला वाटतं. पण मी त्यांना तसं म्हणालो नाही. त्यांनी जे करायचं ते नीट केलं होतं.

शकुन बाळंतिणीच्या खोलीत होती. मी उंबऱ्याच्या बाहेर बसलो. ती आतून बोलली.

"बाबा, आईनं भेदरे इचारले."

"कवा?"

"तापात. दोनदा इचारलं. धाग्याचं पिकलं का म्हने." मूल रडलं, गप्प झालं. "तुमी मले त्याचं बी आणून देजा. मी इथं वाफा करून ठेवतो."

मी हो म्हणालो. त्या दिवशी मला कोणीही काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हणालो असतो.

टमाट्याला आमच्याकडे भेदरं म्हणतात. आता बाजारात गोल, गुळगुळीत टमाटे येतात. मैनाचे भेदरे तसे नव्हते. चपटे, अंगावर फाका असलेले, पातळ सालीचे, आणि इतके आंबट की वरणात एक टाकलं की चिंच लागत नसे. ते तिच्या माहेरचे, हिवरखेडचे. तिच्या वडिलांचा मळा होता आणि ते बी त्यांनी कुठून आणलं होतं हे तिलाही माहीत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा पदराच्या गाठीला बांधून तिनं ते आणलं. तेव्हापासून दर वर्षी एक घोस ती बियाला ठेवी. पिकलं की बी राखेत चोळायची, वाळवायची, फडक्यात बांधून चुलीवरच्या खुंटीला टांगायची. पुढच्या भादव्यात तेच पेरायची.

जातीनं मी माळी, पण माझ्या बापानंच मळा सोडला होता. मी जिनात वाढलो. कापूस ओला की कोरडा हे मी हातात घेऊन सांगतो, झाडाचं मला काही कळत नाही. अंगणातले भेदरे मैनाचे होते आणि मला तिथं मज्जाव होता.

त्याचं कारण माझी तंबाखू. मैना झाडांना हात लावायच्या आधी वाटीभर ताकात पाणी घालून त्यात हात धूत असे. मी ओट्यावर तंबाखू मळत बसलेलो असे आणि तिला डिवचत असे.

"देवाले हात लावाले तू इतके हात धुत नाई."

"देवाले तुमी लावा हात. भेदऱ्याले नका लावू."

"कावून?"

"बाबा असंच सांगे. तंबाखूचा हात झाडाले चालत नाई."

"मंग मानसाले कसा चालते?"

"मानसाले तरी कुठं चालते," ती म्हणायची आणि कामाला लागायची.

मला वाटे, ते तिचं एक सोवळं आहे. जसं कोणाला एखादा वार चालत नाही, तसं.

त्या वर्षी पावसाळ्यात चुलीवरचं कौल फुटून पाणी गळलं आणि बियाच्या पुरचुंडीला बुरशी लागली. मैनानं ते बी सुपात पसरून एकेक दाणा निवडला. पेरले त्यातली अकरा रोपं जगली. मागचं बी काहीच उरलं नाही. ती अकरा झाडं म्हणजेच सगळं. अकोल्याला निघायच्या सकाळी तिनं सगळ्यात चांगल्या झाडाच्या पहिल्या घोसाला लाल धागा बांधला. त्यात तीन हिरवी फळं होती.

"हे खायाचं नाई. हे बीचं," ती म्हणाली. "पानी तेवढं देत जा. बाकी मी आल्यावर पायतो."

मी अस्थी घेऊन दर्यापूरला परत आलो. मुलगा नाही, म्हणून दिवस मीच धरले. घर उघडलं तर दारातून आत सरकवलेलं पोस्टकार्ड जमिनीवर पडलं होतं. खुशालरावांचं अक्षर. तारेच्या दोन दिवस आधीचा शिक्का होता. त्यात काय असणार हे मला माहीत होतं. ताप आला आहे, उतार पडतो आहे, काळजी नसावी. ते मला वाचवेना. मी ते उचलून ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलं.

त्या दहा दिवसांत मला काही काम नव्हतं. जिनात जायचं नाही, देवाला शिवायचं नाही. शेजारची मनकर्णाबाई भाकर-पिठलं आणून ठेवी. घरात बाया येऊन बसत, म्हणून मी बाहेर ओट्यावर बसे, आणि ओट्यासमोरच ती अकरा झाडं. बसायला येणारे पुरुष यायचे, दोन शब्द बोलायचे, मग बोलणं संपलं की चंची काढायचे. तंबाखू मळायची, अर्धी मला द्यायची, अर्धी आपण घ्यायची. दुसरं काय देणार कोणी. एका दिवसात मी पूर्वी आठवड्याला खाई तेवढी तंबाखू खाऊ लागलो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला दिसलं की भेदऱ्यांना बगलेतून फुटी फुटून राहिल्या आहेत. पान आणि खोड यांच्या मधून ही फूट निघते. मैना ती नखानं खुडून टाकत असे, नाहीतर झाड नुसतं पानांनी भरतं, असं ती म्हणायची. ते मी वीस वर्षं पाहिलं होतं. तेवढं मला जमेल असं वाटलं. तिचं म्हणणं मला आठवत होतं. पहिल्या दिवशी मी पाण्यानं हात धुतले. ताक घरात नव्हतं आणि सुतकात कोणाकडे मागायला जाणार. दुसऱ्या दिवसापासून धुवायचंही सुचलं नाही. सकाळी उठायचं, तंबाखू तोंडात टाकायची आणि पहिल्या झाडापासून अकराव्यापर्यंत अंगठ्याच्या नखानं फुटी खुडत जायचं. खाली पडलेलं वेचायचं. वाकलेली झाडं तुराट्यांना बांधायची. तेवढा वेळ मला बरं वाटे. तिचं एक काम मी करतो आहे असं वाटे. मग खुडण्यासारखं काही उरलं नाही तरी मी पानं चाळत तिथंच बसू लागलो.

तेरवी झाली, मी जिनात जाऊ लागलो. त्यानंतर काही दिवसांनी शेंड्याच्या पानांवर फिके चट्टे दिसले. पान अर्धं गर्द हिरवं, अर्धं पिवळट, जसं कोणी बोटं पुसली असावीत. आधी दोन झाडांवर, मग पाचांवर, मग सगळ्यांवर. मागाहून आलेली पानं अरुंद झाली, दोऱ्यासारखी, टोकाला पिळलेली. फुलं येत आणि गळून जात.

मनकर्णाबाई पाणी शेंदून जाताना थांबली.

"भाऊजी, एक म्हनू का? राग येईन तुमाले."

"म्हना."

"सुतकात हिरव्याले हात लावत नसते. तुमी रोज लावत होते. मी पायत होतो, पन कसं म्हनाव, तुमचं दुःख."

मला ते खरं वाटलं. हात माझाच लागला होता, एवढं तर मलाही दिसत होतं. ती म्हणाली त्याप्रमाणे मी गोमूत्र शिंपडलं, गोवरीची राख टाकली. काही झालं नाही.

नत्थुजी एका संध्याकाळी आले, वाकून पानं पाहिली आणि म्हणाले, "हा मावा व्हय. तंबाखूचं पानी मार."

"मैना तंबाखू लावू देत नव्हती."

"अरे, ते तू खातो म्हनून म्हने. भावजयीले तुयी तंबाखू सोडवाची होती, म्हनून झाडाचं नाव सांगे. मिरचीवर आमी मारतोच." मग मला थोडं हसवावं म्हणून म्हणाले, "आपल्याले तंबाखूनं तरतरी येते, तं झाडाले नाई येनार?"

मी खरंच हसलो. मैना गेल्यावर पहिल्यांदा. नत्थुजींनी आपल्या चंचीतली पानं दिली. मी ती मडक्यात भिजत घातली, गाळली, आणि कडूनिंबाच्या डहाळीनं ते पाणी अकराही झाडांवर शिंपडलं. सलग चार दिवस. धाग्याच्या झाडावर थोडं जास्त.

माव्याची कीड तिथं होती की नव्हती, मला माहीत नाही. आठवड्यानं सगळे शेंडे मान टाकल्यासारखे वळले आणि हिरव्या फळांवर तपकिरी रेघा उमटल्या.

तेव्हा मी हिवरखेडला साळ्याला पत्र टाकलं की तुझ्याकडे बाबांच्या भेदऱ्याचं बी आहे का. त्याचं उत्तर आलं. बाबा गेल्यावर ते भेदरे कोणी लावले नाहीत. आता अमरावतीच्या दुकानातून पुडीचं बी आणतात, ते फळ गोल असतं आणि बाजारात टिकतं, पाहिजे असल्यास पुडी पाठवतो. शेवटी लिहिलं होतं, बाईनं, म्हणजे मैनानं, ठेवलेलं असेलच की.

अकोल्याला सरकारी शेतकी फार्म आहे. तिथले भगवंतराव म्हणून एक ओव्हरसियर कापसाचे नमुने घ्यायला आमच्या जिनात येत, त्यांची-माझी ओळख होती. अमावस्येला जिन बंद असतं. त्या दिवशी मी एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी फांदी हातात घेतली नाही. टेबलावर कागद पसरला आणि त्यावर ठेवा म्हणाले.

"किती झाडं आहेत?"

"अकरा."

"सगळी अशीच?"

"सगळी."

"उपटा आणि जाळा. याच्यावर औषध नाही."

मी म्हणालो, "एका झाडाले बीचा घोस हाये साहेब. तेवढा पिकू देतो."

ते माझ्या खिशाकडे पाहत होते. चुन्याची डबी वर दिसत होती. "तंबाखू खाता?"

"खातो."

"फुटी खुडता तुम्ही?"

"खुडल्या."

"हात धुऊन?"

मी चुन्याची डबी खिशात खाली दाबली. त्यांनी समजावून सांगितलं, रागावले नाहीत. हे दुखणं तंबाखूच्या झाडाचंही आहे. पान वाळलं, कुटलं, पुडीत भरलं तरी ते त्यात राहतं. तंबाखू मळलेल्या हातानं भेदऱ्याची फूट खुडली की ते त्या जखमेतून आत जातं, आणि मग तेच नख दुसऱ्या झाडाला लागतं. मी तंबाखूच्या पाण्याचं सांगितलं. त्यांनी कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ द्या. ते आधीच गेले होते."

"ताकानं हात धुतले असते तं?"

"ताकाचं मला ठाऊक नाही. कोण म्हणालं?"

"घरची मंडळी. तिचे बाबा सांगत."

"पुस्तकात मी वाचलेलं नाही," ते म्हणाले. "पण त्यांनी काहीतरी पाहूनच सांगितलं असेल."

बियाचं मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, रोगट फळाचं बी उगवतं. कधी रोप चांगलं निघतं, कधी बियाच्या सालीबरोबर दुखणं पुढं जातं, मग त्या वाफ्यात आणि आसपासच्या मिरचीतही शिरतं. "मी हमी देऊ शकत नाही. माझं ऐकाल तर दुसऱ्याच्या अंगणात ते नेऊ नका." मी उठलो तेव्हा त्यांनी फांदी कागदात गुंडाळली आणि शिपायाला चुलीत टाकायला सांगितली.

तिथून मी जठारपेठेत गेलो. शकुनचा सव्वा महिना झाला होता, ती हिंडूफिरू लागली होती. तिनं मला पाणी दिलं, मूल मांडीवर दिलं आणि लगेच मागच्या अंगणात नेलं.

न्हाणीचं पाणी जिथं जातं तिथं तिनं वाफा केला होता. माती बारीक केलेली, खडे वेचलेले, शेळ्या येऊ नयेत म्हणून भोवती बाभळीच्या काट्या. पलीकडे शेजारणीच्या मिरच्या होत्या, भरून लागलेल्या.

"राखपन चाळून ठेवली," ती म्हणाली. "आई चाळे तशी. आनलं का बी?"

"अजून पिकलं नाई."

"थंडीनं लांबलं असंन. कसे हायेत झाडं?"

मी मुलाकडे पाहिलं. "उभे हायेत," मी म्हणालो.

जेवण झाल्यावर ती ताटं उचलता उचलता थांबली. "बाबा, तंबाखू सोडली का तुमी? आल्यापासून काढली नाई."

"सोडून पायतो."

"आईनं इतके वर्षं सांगितलं तवा नाई सोडली." ती हसली, मग तिचे डोळे भरले. "पाहाले पायजे होतं तिनं."

मला तिथं सांगता आलं असतं. शब्द काही अवघड नव्हते. झाडं गेली, माझ्या हातानं गेली, एवढंच. मी गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

घरी येऊन मी ट्रंक उघडली आणि ते पोस्टकार्ड वाचलं. मैनानं सांगितलेलं आणि खुशालरावांनी लिहून घेतलेलं. ताप आहे पण कमी होतो आहे, काळजी नसावी. शकुन आणि मूल बरं आहे. बरणीतलं लोणचं वरून काढावं, हात घालू नये. मनकर्णाबाईकडून विरजण आणलं होतं ते परत करावं. आणि शेवटी, कार्डात जागा कमी म्हणून बारीक अक्षरात: भेदऱ्यांना फुटी आल्या असतील, त्या राहू द्याव्यात, मी आल्यावर खुडीन, आपण हात लावू नये.

आल्या दिवशी वाचलं असतं तर, हे मी पुष्कळदा मनात करून पाहिलं. त्यातून काही निघत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दहा झाडं उपटली. मुळासकट निघाली, सहज. ती ओली होती, जळेनात. तुराट्या घालून पेटवली तेव्हा अंगणभर धूर झाला. मनकर्णाबाई डोळे पुसत भिंतीशी आली.

"बरं केलं भाऊजी. सुतकाची वस्तू घरात ठेवू नये."

सुतक नव्हे, तंबाखू, असं मी तिला म्हणणार होतो. पण तिचा नवरा तिथंच मागं उभा राहून तंबाखू मळत होता. मी "व्हय" म्हणालो आणि विरजणाची वाटी तिला परत केली.

धाग्याचं झाड ठेवलं. त्याची वरची पानं आता पानं म्हणण्यासारखी राहिली नाहीत. घोसातली दोन फळं रेघांनी काळवंडली आहेत. तिसरं मात्र खालच्या बाजूनं लाल होत आलं आहे आणि त्याच्यावर एकच रेघ आहे, बारीक, देठाजवळ. तेवढ्या एका फळात पन्नास-साठ बिया असतील. ते शकुनला दिलं तर तिच्या वाफ्यात आणि त्या शेजारणीच्या मिरचीत काय जाईल, मला माहीत नाही. नाही दिलं तर मैनाचं भेदरं माझ्या अंगणात संपलं. भगवंतरावांना पुन्हा विचारून उपयोग नाही, त्यांनी त्यांना माहीत होतं ते सांगितलं. ज्या बाईला हे विचारायचं, तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

तंबाखू सुटली नाही. कमी केली आहे. पण रोज सकाळी मी वाटीभर ताक आणतो, त्यात पाणी घालतो, हात धुतो, कोपरापर्यंत धुतो, आणि झाडाजवळ जाऊन बसतो. हात लावत नाही.

शकुनचं कार्ड आलं आहे. वाफ्याला रोज पाणी मारून ओल धरून ठेवली आहे, बी केव्हा आणता, असं विचारलं आहे.

फळ पिकलं आहे. ते मी तोडलेलं नाही, झाड उपटलेलं नाही, आणि शकुनच्या कार्डाला उत्तर लिहिलेलं नाही.